सुईवाचून गाठ कळेल का?

पत्र

नमस्कार डॉक्टरबाई,

मी २६ वर्षांची. नोकरी हिंजवडीला, घर सिंहगड रोडला. आईला (वय ५३) आंघोळ करताना डाव्या स्तनात बोराएवढी गाठ लागली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर ‘बाय-रॅड्स ४ बी’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, सुईने तुकडा काढून तपासू. त्याला आज तीन आठवडे झाले, पण आई तयार नाही. तिच्या मावशीला अशीच सुई लावली आणि आठ महिन्यांत त्या गेल्या. ‘गाठ डिवचली की पसरते’ हे तेव्हापासून तिच्या मनात घट्ट बसलंय. मी रात्र रात्र वाचत बसते. टेराहर्ट्झ इमेजिंग नावाचं तंत्र कापाकापीशिवाय, रेडिएशनशिवाय कॅन्सर ओळखतं असं वाचलं. पुण्यात ते कुठे होतं? इथे नसेल तर मुंबई, बंगळूर, परदेश, कुठेही नेईन. शिवाय मामाने सोसायटीतल्या एकांकडून ‘टेराहर्ट्झ ब्लोअर’ आणलाय. त्याची गरम हवा रोज गाठीवर घेतली की वाईट पेशी मरतात असं ते सांगतात. आई त्याला मात्र तयार आहे. तोवर घेऊ दे का?

– एक लेक

उत्तर

प्रिय लेकी,

वय लिहिलं आहेस म्हणून अगं-तुगं करते. माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आईच्या गाठीसाठी टेराहर्ट्झची तपासणी पुण्यात होत नाही. मुंबईत, बंगळूरला किंवा लंडनलाही होत नाही. हा पैशांचा प्रश्न नाही. स्तनावर बाहेरून यंत्र धरून आतली गाठ या लहरींनी बघताच येत नाही. का बघता येत नाही ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण कारण कळल्याशिवाय तुझं मन तो नाद सोडणार नाही. पण त्याआधी एक काम कर. पुढचं नंतर वाच, आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावून बायोप्सीची तारीख घे. आईने हो म्हटलं नसलं तरी घे. हातात तारीख असली की घरातलं बोलणं ‘करायची का’ यावरून ‘मंगळवारी बरोबर कोण जाणार’ यावर येतं.

घेतलीस? मग आता बस निवांत.

मी पॅथॉलॉजिस्ट. आयुष्याची एकतीस वर्षं इथल्याच एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. शस्त्रक्रियेतून निघालेला प्रत्येक तुकडा आमच्याकडे यायचा. त्यामुळे टेराहर्ट्झबद्दल तू जे वाचलंस ते मीही आवडीने वाचते. ते खोटं नाही. त्यातून आमच्या टेबलावरची एक फार जुनी अडचण सुटू शकेल अशी मला मनापासून आशा आहे. फक्त ती अडचण तुझ्या आईची आजची अडचण नाही, आणि वाचताना हाच फरक तुझ्या नजरेतून निसटला.

नारायणगावजवळ खोडदला त्या मोठाल्या तबकड्या आहेत, शाळेच्या सहलीत पाहिल्या असशील. त्या आकाशातून येणाऱ्या लांबलचक रेडिओ लहरी टिपतात, त्यातल्या काही मीटर-दोन मीटर लांबीच्या असतात. तिथून लहरीची लांबी कमी करत निघालीस तर वाटेत मोबाइलच्या लहरी लागतात, मग स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या, आणि बरंच पुढे गेल्यावर उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त लहरी. या दोन वस्त्यांच्या मधला पट्टा टेराहर्ट्झचा. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं, आणि लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून कमी. या पट्ट्याच्या वेशीपर्यंत आपल्याच देशातला माणूस फार लवकर पोचला होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. पण त्यापुढचा मुलूख बराच काळ तसा ओसाडच राहिला. रेडिओवाल्यांच्या विद्युत मंडलांना इतकी जलद कंपनं झेपत नव्हती आणि प्रकाशवाल्यांच्या लेसरना इतक्या कमी ऊर्जेवर उतरता येत नव्हतं. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही छोटे झटके देणारे लेसर आले तेव्हा वाट मोकळी झाली. असा झटका एका अर्धवाहकावर मारला की त्यातून टेराहर्ट्झची एक बारीकशी उसळी बाहेर पडते. ती वस्तूवर सोडायची आणि परत आलेली उसळी किती क्षीण झाली, किती उशिरा आली, हे दोन्ही मोजायचं. या दोन आकड्यांवरून वस्तू ती लहर किती शोषते आणि तिला किती अडवते, ते कळतं. स्पेक्ट्रोस्कोपी ती हीच. असं ठिपक्या-ठिपक्याला मोजत गेलं की चित्र तयार होतं.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९९५ साली अशी पहिली चित्रं काढली गेली. त्यात एक चित्र झाडाच्या पानाचं होतं. ताजं पान आणि तेच वाळायला लागलेलं पान चित्रात वेगळं दिसलं, कारण त्यातलं पाणी कमी झालं होतं. माझ्या मते हा सगळा विषय त्या एका पानात आहे. टेराहर्ट्झ लहरींचा सगळा व्यवहार पाण्याशी असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून सतत हलत असतात, आणि त्या हालचालीचा वेग नेमका या पट्ट्यातला आहे. म्हणून पाणी या लहरी जोराने शोषतं. कॅन्सरच्या गाठीत पेशींची गर्दी असते, नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, आणि आसपासच्या चरबीच्या मानाने पाणी जास्त असतं. त्यामुळे चरबीत रुतलेला कॅन्सर या लहरींना वेगळा दिसतो. तू वाचलंस त्यातला खरा भाग हा.

पण ज्या पाण्यामुळे गाठ ओळखू येते, तेच पाणी लहरीला आत जाऊ देत नाही. एक टेराहर्ट्झची लहर पाण्यात ०.१ मिलिमीटर गेली की तिची तीव्रता साधारण नवव्या हिश्शावर येते. एक मिलिमीटर जाईपर्यंत मोजण्याजोगं काही उरत नाही. त्वचेतही ती मिलिमीटरच्या काही दशांशांवर अडते. चरबीत जरा आत जाते, पण तिथवर पोचायला आधी त्वचा ओलांडावी लागते. तुझ्या आईची गाठ हाताला लागते म्हणजे ती त्वचेखाली, कदाचित सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत आहे. आता तूच हिशोब कर. कितीही महागडं यंत्र आणलं तरी ही लहर त्या गाठीच्या दारापर्यंत पोचणार नाही.

‘रेडिएशनशिवाय’ हे तू वाचलंस ते बरोबर आहे. मॅमोग्राफीच्या क्ष-किरणाच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, तिच्या सुमारे पन्नास लाखावा भाग टेराहर्ट्झच्या एका कणात असतो. तो पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकत नाही. क्ष-किरण आरपार जातात म्हणून तर आतलं दाखवतात. टेराहर्ट्झला ते जमत नाही.

मग संशोधक नेमकं काय करतात? बाहेरूनच दिसणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरवर इंग्लंडमध्ये २००२च्या सुमारास काम सुरू झालं, आणि ते सयुक्तिकच होतं, कारण तिथे आत शिरायची गरजच कमी. स्तनाच्या कॅन्सरवर त्याच गटाच्या लोकांनी २००६ साली काम प्रसिद्ध केलं. त्यात २२ नमुने होते. हे नमुने म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती. पुढे लंडनला हातात धरायचं एक छोटं यंत्र तयार झालं, आणि २०१७ साली त्याचे निकाल आले. ३२ रुग्णांचे ४६ ताजे नमुने होते. सौम्य, म्हणजे कॅन्सर नसलेली ऊती आणि कॅन्सरची ऊती यांतला फरक त्या यंत्राने साधारण ७५ टक्के वेळा बरोबर ओळखला. चारात एक चूक. संशोधनासाठी ही उत्तम सुरुवात आहे, मी ती मुळीच हलकी लेखत नाही. पण चारात एक चुकणाऱ्या उत्तरावर मी माझ्या बहिणीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवणार नाही, आणि ‘काही नाही, घरी जा’ असंही सांगणार नाही. यंत्र चुकतं त्याचं कारणही सरळ आहे. चरबी आणि कॅन्सर यांत फरक मोठा, पण स्तनातली तंतुमय ऊती आणि कॅन्सर या लहरींना बऱ्याचदा सारखेच दिसतात.

तरीही मला या यंत्राची ओढ का, ते सांगते. स्तन वाचवून फक्त गाठ काढायची शस्त्रक्रिया करतात तेव्हा गाठीभोवती निरोगी ऊतींची कडा ठेवून ती काढतात. ती आमच्याकडे येते. आम्ही तिच्या बाहेरच्या बाजूला रंगीत शाई लावतो, काप घेतो, आणि शाईपर्यंत कॅन्सर पोचलाय का ते बघतो. शाई स्वच्छ निघाली तर कडा स्वच्छ. हे सगळं व्हायला काही दिवस जातात. तोवर बाई घरी गेलेली असते, टाके सुकत आलेले असतात, आणि मग आमचा रिपोर्ट जातो: एका बाजूची कडा स्वच्छ नाही. पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया. इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत पाचांतल्या एकीला असं परत जावं लागल्याचं दिसलं. शस्त्रक्रिया चालू असतानाच कडा तपासता आली तर? तशी एक जुनी पद्धत आहे, फ्रोझन सेक्शन. तुकडा उणे २० अंशांच्या आसपास गोठवायचा, पातळ काप घ्यायचा आणि तिथल्या तिथे बघायचं. पण स्तन म्हणजे बरीचशी चरबी, आणि चरबी त्या थंडीत नीट गोठत नाही. काप फाटतो, गोळा होतो. पलीकडे भूल दिलेली बाई, इंटरकॉमवर सर्जन विचारतायत ‘मॅडम, कडा?’ आणि माझ्या काचेवर फाटकी चिंधी. अशा वेळी मी किती वेळा घामाघूम झाले आहे! म्हणून ऑपरेशन थिएटरमध्येच ताज्या तुकड्यावर यंत्र टेकवून ‘या कडेला पुन्हा बघा’ असं सांगणारी युक्ती पक्की झाली, तर कितीतरी बायकांची दुसरी शस्त्रक्रिया टळेल. तिथे लहर मिलिमीटरभर आत गेली नाही तरी चालतं, कारण प्रश्नच कडेचा आहे. टेराहर्ट्झची खरी जागा मला तिथे दिसते.

आता या सगळ्या अभ्यासांत यंत्र बरोबर की चूक, हे कशावरून ठरवलं? प्रत्येक वेळी तोच नमुना नंतर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात घालून, मेणात बसवून, काप काढून पॅथॉलॉजिस्टने पाहिला. तो जे म्हणाला ते खरं धरलं आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहिला. म्हणजे तू सुई टाळून ज्या यंत्राकडे धावते आहेस, त्या यंत्रालाही उत्तर तपासायला त्याच काचपट्टीकडे यावं लागतं.

आणि सुई फक्त ‘आहे की नाही’ एवढंच सांगत नाही. गाठ कॅन्सरची निघालीच तर तो कोणत्या जातीचा, किती आक्रमक, त्याला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची भूक आहे का, हर-टू नावाचं प्रथिन त्यावर जास्त आहे का, हे त्या दोऱ्यासारख्या तुकड्यांवरून कळतं. हार्मोनची गोळी द्यायची, की हर-टूवरचं इंजेक्शन, की आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, हे त्यावर ठरतं. पाण्याचं प्रमाण मोजून हे कळत नाही.

आपल्या पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये आणि मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये टेराहर्ट्झवर काम चालतं. तुला कुतूहल असेल तर त्यांची खुली व्याख्यानं जरूर ऐक. पण त्या विज्ञानाच्या प्रयोगशाळा आहेत. आईच्या गाठीसाठी तिथे फोन करू नकोस.

आता आईच्या भीतीकडे येते. या पत्रात मला सर्वांत मोलाचं तेच वाटतं. ‘गाठ डिवचली की पसरते’ हे वाक्य मी सातारा, सांगली, मराठवाडा, सदाशिव पेठ, सगळीकडच्या माणसांकडून ऐकलंय. शिकलेल्यांकडूनही. आईला वेडगळ म्हणू नकोस. तिने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे ती: सुई लागली, मग माणूस गेलं. पण आपल्याकडे सुई लागायची केव्हा? लाजेने, भीतीने, घरातली कामं संपत नाहीत म्हणून गाठ पदराआड वर्षभर सांभाळल्यावर, ती वाहायला लागल्यावर. माझ्याकडे यायच्या त्या फॉर्मवर ‘किती दिवसांपासून’ या रकान्यात आठ महिने, दीड वर्ष असे आकडे असत. सुई त्या कहाणीच्या शेवटी येई, म्हणून शेवटाचं खापर तिच्यावर फुटे. मावशींची गाठ सुईच्या आधी किती काळ होती, हे आईला एकदा शांतपणे विचार. उत्तर तिच्याच तोंडून येऊ दे.

यात तथ्याचा कणही नाही असं मी म्हणणार नाही. सुई बाहेर काढताना काही पेशी तिच्या वाटेवर सांडू शकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला त्या कधीकधी दिसतातही. पण त्या तिथे रुजून नवी गाठ होणं फार विरळा. सुईने तपासणी केलेल्या बायकांचं आयुष्य त्यामुळे कमी झाल्याचं जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि जिथे सुई घालणं खरोखर धोक्याचं, तिथे डॉक्टर घालत नाहीत. पुरुषाच्या वृषणात कॅन्सरचा संशय असला तर सुई न लावता वृषणच काढून तपासतात. म्हणजे या भीतीचा विचार वैद्यकाने आईच्या आधी करून ठेवला आहे. स्तनाच्या गाठीत सुईच योग्य, हे त्या विचारातूनच ठरलेलं आहे.

आईला अंधारात ठेवू नकोस. मंगळवारी काय होईल ते तिला आत्ताच सांग. ती पाठीवर झोपेल. सोनोग्राफीचा तोच गार जेल लागेल. त्वचा बधिर करायचं इंजेक्शन टोचेल, दाताच्या डॉक्टरकडे टोचतं तेवढं, आणि दुखणं बहुतेक तेवढंच. मग एक बारीकशी चीर, आणि साधारण दोन मिलिमीटर जाडीची सुई पडद्यावर बघत गाठीत नेतात. यंत्राचा ‘टक्’ असा आवाज येतो, स्टेपलरसारखा. आधी माहीत नसेल तर बायका त्या आवाजाने दचकतात, म्हणून डॉक्टरांना म्हण, एकदा हवेत वाजवून दाखवा. असे चार-पाच वेळा. शेवयांच्या तुकड्यांसारखे दोरे निघतात आणि लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. वर घट्ट दाबून धरतात, पट्टी लावतात. अर्ध्या तासात सगळं उरकतं, त्याच दिवशी घर. काळं-निळं झालं तर आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. आई ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी घेत असेल तर फोनवरच सांगून ठेव. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रिपोर्टवरच्या ‘४ बी’ने तुझी झोप उडवली आहे असं पत्रावरून दिसतं. ते निदान नाही, ती रेडिओलॉजिस्टच्या संशयाची पायरी आहे. ४ ए म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता २ ते १० टक्के, ४ बी म्हणजे १० ते ५० टक्के, ४ सी त्याच्या वर. म्हणजे तुझ्या आईच्या पायरीवरच्या किमान निम्म्या गाठी कॅन्सरच्या नसतात. पण १० टक्केसुद्धा नुसतं बघत बसण्याइतके कमी नाहीत. ही पायरी ‘तुकडा तपासा’ एवढंच सांगते.

ब्लोअरचं थोडक्यात. कोणतीही उबदार वस्तू थोड्या टेराहर्ट्झ लहरी सोडतेच. पोळीचा तवा सोडतो, तुझ्या आईचा तळहातही सोडतो. म्हणून डब्यावर ‘टेराहर्ट्झ’ लिहिलेलं असल्याने काही सिद्ध होत नाही. त्या लहरी त्वचेच्या वरच्या थरातच विरतात हे तू आता स्वतः समजावून सांगू शकतेस. त्यांनी गाठ ओळखली जात नाही आणि मरतही नाही. उरते ती गरम हवा. ती रोज एकाच जागी घेतली तर त्वचा भाजते, लाल होते. आणि स्तनाची त्वचा लाल होणं, जाड होणं या खुणा डॉक्टर मुद्दाम शोधत असतात, त्या खोट्याच उभ्या राहतील. माझी खरी भीती मात्र वेगळी आहे. रोज काहीतरी करतोय या समाधानात अजून तीन आठवडे जातील. त्यामुळे नाही, तोवरसुद्धा घेऊ देऊ नकोस. आजच कपाटात ठेव.

मामाशी भांडू नकोस पण. बहिणीसाठी जीव तुटतो म्हणून त्याने तो आणला. त्याला काम दे. बायोप्सीच्या दिवशी गाडी त्याने चालवायची, आणि नंतर तुकड्यांची बाटली लॅबमध्ये द्यायची असेल तर पावतीसकट त्यानेच द्यायची.

आईला आणखी एक सांग. ही गाठ कोणत्याही यंत्राने शोधली नाही, तिच्या स्वतःच्या बोटांनी शोधली. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं एक अभ्यास केला. दीड लाख बायका होत्या. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी ठरावीक वर्षांनी नुसत्या हातांनी तपासले. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. नुसत्या हातांनी! पण तो फायदा तेव्हाच होतो जेव्हा हाताला गाठ लागल्यावर बाई पुढची पायरी चढते. तुझ्या आईने पहिली, अवघड पायरी एकटीने चढली आहे. तिला हे कुणीतरी म्हणायला हवं, आणि ते तू म्हण. आकडे, लेख, माझं उत्तर, काहीच तिच्यासमोर वाचू नकोस. रात्री भांडी आवरून झाल्यावर ओट्याशी उभी राहा आणि एवढंच म्हण की मला भीती वाटते आहे, माझ्यासाठी चल. आईला ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हटलं की ती स्वतःला मागे सारते. लेकीसाठी ती निघेल.

खर्चाचं पत्रात लिहिलं नाहीस, पण मनात असेलच. तुझ्या कंपनीच्या विम्यात आई-वडील आहेत का ते बघ. नसतील तर ससून आहे, आणि कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही येतात. योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेट. ते पुढचं. आज फक्त सुई.

त्या दिवशी आईला पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घालायला सांग, म्हणजे हात वर करावा लागणार नाही. मॅमोग्राफीच्या फिल्म बरोबर ने, नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबमध्ये एक गोष्ट विचारून ठेव: कॅन्सर निघाला तर हार्मोन आणि हर-टूच्या तपासण्या याच तुकड्यांवर होतील ना, आणि मेणाचे ठोकळे आम्हाला परत मिळतील ना. ते ठोकळे जपून ठेवायचे असतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर ते लागतात. रिपोर्ट यायला काही दिवस लागतील आणि ते दिवस वाईट जातील, ते मला ठाऊक आहे. त्या रात्री वाचत बसू नकोस, आईच्या खोलीत झोप.

रिपोर्ट हातात आला की नाव झाकून मला पाठव. जे काही लिहिलेलं असेल ते ओळीओळीने मराठीत उलगडून सांगेन, तुम्हा दोघींना मिळून वाचता येईल असं.

तुझी,
डॉक्टरबाई